माध्यमिक शाळांतील अर्थशास्त्र व वाणिज्याचे अध्यापन (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत अर्थशास्त्र व वाणिज्याचे अध्यापन म्हणजे प्रामुख्याने इयत्ता नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांना उत्पादन, विनिमय, किंमत, पैसा, बचत, कर आणि हिशेब या गोष्टींची करून दिली जाणारी प्राथमिक ओळख होय. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात या इयत्तांसाठी अर्थशास्त्र किंवा वाणिज्य हा स्वतंत्र अनिवार्य विषय नाही. त्यांतील काही भाग भूगोलात, तर काही गणितात समाविष्ट आहे. स्वतंत्र विषय म्हणून त्यांचा अभ्यास अकरावीपासून सुरू होतो. दहावीनंतर ज्यांचे शिक्षण थांबते, त्यांच्या वाट्याला या शास्त्रांचा येतो तो एवढाच अंश.

या लेखात अभ्यासक्रमाची व परिभाषेची माहिती दिल्यानंतर नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा (ता. शहादा) या गावाचा परिसर उदाहरणादाखल घेतला आहे. ऊस, कापूस, पपई, मिरची, सहकारी साखर कारखाना आणि मजुरांचे हंगामी स्थलांतर हे सारे या परिसरात जवळजवळ नांदत असल्यामुळे पाठ्यपुस्तकातील बहुतेक संकल्पना येथे प्रत्यक्ष दाखविता येतात.

पार्श्वभूमी

मराठीतून अर्थशास्त्र समजावून सांगण्याची परंपरा जुनी आहे. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे ‘लक्ष्मीज्ञान’ हे पुस्तक १८४९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वीच (१८५७) मराठी वाचकाला या शास्त्राची ओळख करून देण्याचा प्रयत्न झाला होता. पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. मुंबईत १९१३ साली सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. तेथे १९१८ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी काही काळ अर्थशास्त्राचे अध्यापन केले. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली व तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ होते. हा सारा विकास महाविद्यालयीन व संशोधनाच्या पातळीवरचा आहे. शाळेच्या वर्गापर्यंत त्याचा ओघ फारच बारीक धारेने पोहोचला.

महाराष्ट्रात १०+२+३ हा आकृतिबंध १९७० च्या दशकाच्या मध्यास अमलात आला आणि दहावी हा शालान्त टप्पा ठरला. त्यानंतर वाणिज्य ही अकरावी-बारावीची ‘शाखा’ झाली. सर्वसामान्य पालकांच्या मनात वाणिज्य म्हणजे दहावीनंतर निवडायची वाट, हे समीकरण तेव्हापासून पक्के झालेले दिसते.

अभ्यासक्रमातील स्थान

सन २०१७ पूर्वीच्या अभ्यासक्रमात नववी व दहावीसाठी ‘भूगोल व अर्थशास्त्र’ असे जोडनाव होते. सन २०१७-१८ पासून नववीचा आणि २०१८-१९ पासून दहावीचा अभ्यासक्रम बदलला व पुस्तकाच्या मुखपृष्ठावर केवळ ‘भूगोल’ उरला. अर्थशास्त्र मात्र पूर्णपणे गेले नाही. नववीच्या भूगोलात ‘अर्थशास्त्राशी परिचय’ व ‘व्यापार’ हे पाठ आहेत. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना हा सर्व पुस्तकाचा धागा असून ‘अर्थव्यवस्था व व्यवसाय’ हा पाठ त्याच पद्धतीने मांडलेला आहे. सामाजिक शास्त्रांत इतिहास व राज्यशास्त्रास ४० आणि भूगोलास ४० गुण असतात. त्यांपैकी अर्थशास्त्रविषयक पाठांचा वाटा अर्थातच लहान राहतो.

दुसरा भाग गणितात आहे. नववी आणि दहावी या दोन्ही इयत्तांच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण येते. नववीत बचत, गुंतवणूक व आयकर यांची ओळख होते. दहावीत वस्तू व सेवा कर (जीएसटी), शेअर, दलाली, म्युच्युअल फंड आणि एसआयपी यांवरील उदाहरणे असतात. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी देशात लागू झाला आणि पुढच्याच शैक्षणिक वर्षी तो दहावीच्या गणितात आला. शालेय पाठ्यपुस्तके इतक्या तत्परतेने बदलल्याची उदाहरणे थोडी असावीत.

या विभागणीचा एक परिणाम असा, की माध्यमिक स्तरावर अर्थशास्त्राला स्वतःचा शिक्षक नाही. मागणी-पुरवठा भूगोलाचे शिक्षक सांगतात व शेअरचा बाजारभाव गणिताचे शिक्षक काढून देतात. दोघांची भेट शिक्षककक्षात होते, पण त्यांच्या पाठांची भेट वर्गात होत नाही. एकाच विद्यार्थ्याच्या वहीत ‘किंमत’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो आणि त्या दोहोंचा परस्परसंबंध सांगणे हे कोणाचेच काम नसते.

केंद्रीय मंडळाशी संलग्न शाळांतील व्यवस्था वेगळी आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) २००६ व २००७ साली नववी-दहावीसाठी अर्थशास्त्राची स्वतंत्र पुस्तके काढली. त्यांतील नववीच्या पुस्तकाचा आरंभ ‘पालमपूर’ या काल्पनिक गावाच्या कथेने होतो. गिल्बर्ट एटिएन या अभ्यासकाने पश्चिम उत्तर प्रदेशातील एका गावाचा जो अभ्यास केला, त्यावर ती काही अंशी आधारलेली आहे. जमीन, श्रम, भांडवल या संज्ञा व्याख्येने सुरू न करता एका गावातून उलगडण्याची ही रीत उपयुक्त ठरली. महाराष्ट्रातील शिक्षकाला मात्र त्यासाठी काल्पनिक गावाची गरज भासू नये.

अकरावीच्या अर्थशास्त्रात (२०१९ पासून) पैसा, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, ग्रामीण विकास, बेरोजगारी, दारिद्र्य, १९९१ नंतरचे आर्थिक धोरण व नियोजन हे विषय आहेत. बारावीत (२०२० पासून) उपयोगिता, मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न आणि परकीय व्यापार येतात. वाणिज्य शाखेत यांच्या जोडीला पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय असतात. ‘सहकार’ हाही एक विषय उपलब्ध असतो.

परिभाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातील वाणिज्य व अर्थशास्त्र यांच्या परिभाषेत एक लक्षणीय भेद आहे. पुस्तपालनाने आपले शब्द बहुतांशी जुन्या दफ्तरातून व पेढीवरून घेतले. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, नावे, जमा हे शब्द मोडी लिपीतील हिशेबांपासून चालत आले असून पेशवे दफ्तरातही त्यांतील कित्येक आढळतात. किराणा दुकानदाराच्या मुलाला ‘खतावणी’ शब्द शिकवावा लागत नाही. तो त्याने गादीवरच ऐकलेला असतो.

अर्थशास्त्राची परिभाषा मात्र संस्कृताधारे नव्याने घडविली गेली. सीमान्त उपयोगिता, लवचिकता, अल्पाधिकार, स्थूल देशांतर्गत उत्पादन ही तिची उदाहरणे होत. भाषा संचालनालयाने ‘अर्थशास्त्र परिभाषा कोश’ काढून या शब्दांना स्थैर्य दिले. हे शब्द नेमके आहेत आणि उच्च शिक्षणास ते आवश्यकही आहेत. अडचण अशी, की बाजारात याच गोष्टींना जी नावे आहेत, त्यांचा पाठ्यपुस्तकाशी परिचय झालेला नाही. आडत, तोलाई, हमाली, पट्टी, उचल, उधारी, वायदा, मंदी-तेजी हे शब्द विद्यार्थी घरी ऐकतो. ‘मध्यस्थ’, ‘व्यवहार खर्च’, ‘अग्रिम’ हे शब्द तो परीक्षेसाठी पाठ करतो. आडत हाच मध्यस्थाचा मोबदला आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही तर दोन्ही शब्द त्याच्या मनात शेजारी राहूनही अनोळखी राहतात. शहादा तालुक्यात तर मराठी ही अनेक मुलांची शाळेतील भाषा असते. घरी अहिराणी, गुजर बोली, भिलोरी किंवा पावरी बोलली जाते, त्यामुळे हे अंतर आणखी एका पायरीने वाढते.

प्रकाशा परिसर

प्रकाशा हे तापी व गोमाई या नद्यांच्या संगमावरील गाव असून केदारेश्वर मंदिरामुळे ते ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५५ साली येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडले. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तापीवर प्रकाशा व सारंगखेडा येथे बॅरेज आहेत. नदीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस, केळी, पपई, कापूस व मिरची ही पिके घेतली जातात. उत्तरेस सातपुड्याकडे गेल्यावर जमीन हलकी होते आणि मजुरीवरचे अवलंबन वाढते.

किंमत कशी ठरते, हा अर्थशास्त्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याची तीन भिन्न उत्तरे या परिसरात शेजारशेजारच्या बांधांवर पाहावयास मिळतात. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरविते. त्यास रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) म्हणतात आणि २००९-१० च्या हंगामापासून ही पद्धत लागू आहे. तो साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला असतो, त्यातून महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार रक्कम १४ दिवसांत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. कापसाला हमीभाव असतो. मात्र तो जाहीर झाला म्हणून प्रत्येकाला मिळतोच असे नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापसातील आर्द्रता १२ टक्क्यांहून अधिक निघाली तर माल नाकारला जातो. मग शेतकरी तोच कापूस खाजगी व्यापाऱ्यास मिळेल त्या भावाने देतो. पपईला यांपैकी काहीच नाही. तिला हमीभाव नाही, ती टिकत नाही आणि तिचे गिऱ्हाईक मुख्यतः उत्तर भारतातील बाजारपेठांत आहे. शहादा परिसरात पपईचा दर ठरविण्यासाठी बाजार समितीत शेतकरी व व्यापारी यांच्या बैठका होतात, आणि काही हंगामांत दराच्या वादावरून तोडणीही थांबली आहे.

या तीन पिकांवरून वर्गात विचारण्याजोगे प्रश्न पुष्कळ निघतात. तोडणी आठ दिवस थांबली तर नुकसान कोणाचे अधिक, शेतकऱ्याचे की व्यापाऱ्याचे? व्यापारी दुसऱ्या तालुक्यातून माल भरू शकतो. पिकलेले फळ झाडावर थांबू शकत नाही. नाशवंत मालाच्या पुरवठ्याची लवचिकता अल्पकाळात जवळजवळ नाहीशी होते, हे वाक्य पपई उत्पादकाच्या मुलाला या प्रश्नानंतर सांगितले तर समजते. आधी सांगितले तर तो ते केवळ उतरवून घेतो.

मिरचीचे उदाहरण मूल्यवर्धनासाठी चांगले आहे. नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. शेतकरी बहुधा ओली लाल मिरची विकतो, व्यापारी ती पथारीवर वाळवितो आणि मग पुढे पाठवितो. समजा, ओली मिरची ४० रुपये किलोने घेतली व चार किलोंची वाळून एक किलो झाली (हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत). वाळलेली एक किलो मिरची व्यापाऱ्याला मालाच्याच हिशेबाने १६० रुपयांना पडली. त्यावर वाळविण्याची मजुरी, पथारीच्या जागेचे भाडे, अडकलेल्या पैशावरील व्याज आणि अवकाळी पावसाची जोखीम चढते. ‘व्यापारी चाळीसला घेतो आणि दोनशेला विकतो’ या तक्रारीत किती तथ्य व किती गैरसमज, हे मुले स्वतः मांडून पाहू शकतात. उत्तर नेहमी व्यापाऱ्याच्या बाजूने येईलच असे नाही, आणि शिक्षकाने ते आधीच ठरवूही नये.

दहावीच्या गणितातील शेअरचे प्रकरण ग्रामीण विद्यार्थ्याला परके वाटते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. वास्तविक शहादा तालुक्यातील अनेक शेतकरी कुटुंबांत सहकारी साखर कारखान्याचा भाग असतो. पुरुषोत्तमनगर येथील श्री सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना हा या भागातील प्रमुख कारखाना होय. कंपनीचा शेअर आणि सहकारी संस्थेचा भाग यांतील फरक येथून सहज सांगता येतो. कंपनीत मताधिकार भागांच्या संख्येनुसार असतो, तर सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते. कंपनीचा शेअर बाजारात विकता येतो व त्याचा भाव रोज बदलतो; सहकारी भागाला असा बाजारभाव नसतो. ‘दर्शनी किंमत’ व ‘बाजारभाव’ या संज्ञा एवढ्या तुलनेनंतर वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत.

जीएसटीच्या बाबतीत पाठ्यपुस्तकातील साखळी उत्पादकापासून किरकोळ विक्रेत्यापर्यंत जाते आणि प्रत्येक टप्प्यावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. शेतकऱ्यापाशी ही साखळी तुटते. रासायनिक खतावर ५ टक्के कर असतो व तो शेतकरी भरतो. त्याच्या ताज्या फळभाज्यांवर कर नसल्याने त्याला वजावट घेण्याची सोय उरत नाही. खताच्या दुकानाची पावती वर्गात आणून त्यावरील केंद्रीय व राज्य करांचे दोन समान आकडे मुलांना दाखविले, की ही गोष्ट लक्षात येते. पाठ्यपुस्तकात हा मुद्दा नाही, पण पुस्तकातील सूत्रच तेथवर घेऊन जाते.

यापेक्षा कठीण विषय उचलीचा आहे. जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे पावसाळा सरल्यावर ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि राज्यातील अन्य साखर पट्ट्यांत जातात. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेल्या रकमेस उचल म्हणतात. पती-पत्नीची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि उचल कोयत्यावर दिली जाते. तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून ती फेडावयाची असते. हंगामाच्या शेवटी काही बाकी राहिली तर ती पुढील वर्षावर जाते आणि पुढील वर्षाचे श्रम आधीच गहाण पडतात. पाठ्यपुस्तकातील ‘श्रमाचा पुरवठा’ या संज्ञेच्या मागे ही परिस्थिती उभी आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ साली झाला, महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आहे आणि राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला. हे तीन कायदे सनावळी म्हणून पाठ करण्याऐवजी ‘उचल घेतली नसती तर त्या कुटुंबाने काय केले असते?’ या प्रश्नाशी जोडल्यास संधिव्यय ही संकल्पनाही स्पष्ट होते.

येथे एक पथ्य पाळणे अगत्याचे आहे. वर्गात उचल, कर्ज किंवा सावकारी यांची चर्चा करताना कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या घरची रक्कम विचारू नये. उदाहरणातील कुटुंब नेहमी काल्पनिक असावे. ज्याच्या घरी ते घडते, तो मुलगा न सांगता समजतो. सांगण्याची सक्ती झाली तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. शिवाय ज्यांना हा पाठ सर्वाधिक उपयोगी, त्यांतील काही मुले तो शिकविला जातो तेव्हा आईवडिलांबरोबर फडावर गेलेली असतात. त्यामुळे हा भाग दिवाळीपूर्वी, पहिल्या सत्रातच घेणे श्रेयस्कर ठरते.

वर्गाबाहेरील उपक्रम

आठवडे बाजाराची भेट हा सर्वांत जुना व बिनखर्ची उपक्रम होय. तो यशस्वी होण्यासाठी एकच वस्तू निवडावी आणि तिचा भाव सकाळी, दुपारी व बाजार उठताना असा तीनदा नोंदवावा. संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी का उतरते आणि कांदा का उतरत नाही, याचे उत्तर मुले शिक्षकाच्या आधी देतात.

पट्टीवाचन हा तितकाच उपयुक्त पाठ आहे. शेतमाल विकल्यावर मिळणाऱ्या पट्टीवर वजन, दर, एकूण रक्कम, हमाली, तोलाई व अन्य वजावट आणि निव्वळ रक्कम असते. बाजार समित्यांचे नियमन १९६३ च्या राज्य कायद्यानुसार होते. फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय २०१६ साली अमलात आला. घरी जुन्या पट्ट्या असल्यास त्यांवरील नाव झाकून २०१६ पूर्वीची व नंतरची पट्टी शेजारी ठेवावी. कायदा बदलल्याने कागदावरची कोणती ओळ गेली, आणि ती गेल्यावर दर तसाच राहिला की काय, हे शोधण्यात एक तासिका सहज जाते.

बाल आनंद मेळावा बहुतेक शाळांत होतो, परंतु त्याचा हिशेब सहसा अपुरा राहतो. एखाद्या गटाने भेळेच्या ४० प्लेट १० रुपयांप्रमाणे विकून ४०० रुपये मिळविले व सामानाला २६० रुपये लागले, तर फळ्यावर १४० रुपये नफा लिहिला जातो आणि टाळ्या पडतात. कांदा-टोमॅटो घरचा होता, गॅस घरचा होता, चिंचेची चटणी आईने पहाटे उठून केली, यांची किंमत कोणी धरत नाही. ती धरावयास लावली, की १४० चे ४० होतात आणि कधी तोटाही निघतो. शेतीच्या उत्पादन खर्चात घरच्यांचे श्रम धरावेत की नाही, हा हमीभावाच्या चर्चेतील वादाचा मुद्दाही हाच आहे. नववीतील मुले या हिशेबाने क्वचित नाराज होतात. अधिक वेळा ती घरी जाऊन आईला तिच्या दोन तासांची मजुरी सांगतात.

शालेय बचत बँक (संचयिका) आणि विद्यार्थ्यांनी चालविलेले वस्तुभांडार हे उपक्रम पूर्वी अनेक शाळांत होते. वस्तुभांडारात वह्या-पेन्सिलींची घाऊक खरेदी, साठा नोंद, रोजकीर्द आणि वर्षअखेरचा ताळेबंद असे पुस्तपालनाचे सर्व टप्पे विद्यार्थी प्रत्यक्ष करीत. आठवडाअखेर रोकड जुळली नाही तर ती जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. जेथे हा उपक्रम अजून टिकून आहे, तेथील विद्यार्थ्यांना अकरावीत तेरीज नव्याने शिकावी लागत नाही.